शिकवणाऱ्याच्या मनातली गृहीतं

१९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या गणित विभागात युरी ट्रीझमन नावाचा एक तरुण संशोधक विद्यार्थी होता. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसचे सरावाचे तास घेणाऱ्या साहाय्यक शिक्षकांना तयार करण्याचं काम त्याच्याकडे होतं. ते करताना एक गोष्ट त्याच्या नजरेत भरली. कृष्णवर्णीय विद्यार्थी या विषयात मोठ्या संख्येनं मागे पडत होते आणि चिनी वंशाचे विद्यार्थी तेवढ्याच ठळकपणे पुढे जात होते. असं का होत असावं, हे त्यानं प्राध्यापकांना आणि सहकाऱ्यांना विचारलं. उत्तरं साधारण चार प्रकारची आली. या मुलांना तळमळ कमी. त्यांचा शाळेतला पाया कच्चा. शिक्षणाचं महत्त्व घरच्यांना नाही. आणि घरची गरिबी.

ही उत्तरं देणाऱ्या माणसांच्या मनात मुलांबद्दल आकस नव्हता. कित्येकांना त्यांच्याबद्दल खरी सहानुभूती होती. पण यातल्या कोणी त्या मुलांना अभ्यास करताना कधी पाहिलं नव्हतं. ट्रीझमननं ते पाहायचं ठरवलं. २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडून तो दीर्घकाळ त्यांच्या मागे राहिला. ग्रंथालयात, वसतिगृहाच्या खोल्यांत, गणितं सोडवत बसलेले असताना त्यानं त्यांचं निरीक्षण केलं, चित्रीकरणही केलं. मुलांच्या घरच्यांशी बोलला.

चारही गृहीतं एकामागून एक कोसळली. बर्कलीपर्यंत पोचलेली ही मुलं आपापल्या शाळांमधली हुशार आणि जिद्दी मुलं होती. मुलानं कॉलेजात जावं, हे स्वप्न त्यांच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं जपलं होतं. घरच्या उत्पन्नाचा निकालाशी सांगण्याजोगा संबंध दिसला नाही. पायाचं म्हणाल, तर प्रवेशपरीक्षेत गणितात चांगले गुण मिळवलेली कृष्णवर्णीय मुलंसुद्धा कॅल्क्युलसमध्ये गडगडत होती. फरक वेगळ्याच ठिकाणी होता. चिनी वंशाची मुलं आधी एकेकटी अभ्यास करत आणि मग संध्याकाळी एकत्र जमत. उत्तरं ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, कुठल्या गणितात सगळेच अडकले आहेत हे त्यांना तिथे कळे. कृष्णवर्णीय मुलं प्राध्यापकांनी सांगितले होते तेवढे तास, सांगितलं होतं तसा, पण एकट्यानं अभ्यास करत. गणित सुटलं नाही की चूक आपलीच, आपल्यातच काहीतरी कमी, असं समजून गप्प बसत. अभ्यास आणि मित्रमंडळी ही त्यांच्या आयुष्याची दोन वेगळी दालनं होती.

पाया कच्चा आहे असं मानलं की उपाय आपोआप ठरतो: जादा तास, सोपी गणितं, पुन्हा पहिल्यापासून उजळणी. विद्यापीठ तेच करत होतं आणि हुशार म्हणून ओळखली गेलेली मुलं त्या वर्गांकडे पाठ फिरवत होती, कारण तिथे जाणं म्हणजे आपण ‘ढ’ आहोत हे मान्य करणं. ट्रीझमननं उलटा रस्ता धरला. त्यानं नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा अवघड गणितांची कार्यशाळा सुरू केली. मुलांनी गटात बसायचं, झगडायचं, एकमेकांना समजावून द्यायचं. कार्यशाळेतल्या कृष्णवर्णीय मुलांचे कॅल्क्युलसचे निकाल पुष्कळ सुधारले. प्रवेशपरीक्षेत त्यांच्याहून बरेच जास्त गुण मिळवलेल्या मुलांच्या तोडीला त्यातली कित्येक आली. १९९२ साली ‘कॉलेज मॅथेमॅटिक्स जर्नल’मध्ये त्याचं हे निवेदन छापून आलं, आणि गणित शिकवणाऱ्यांमध्ये ते अजूनही आवर्जून वाचलं जातं.

या हकिकतीतली मुलं आपल्याला अनोळखी नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून बारावी करून बी.एस्सी.ला आलेला मुलगा इंग्रजीतल्या व्याख्यानाला मागच्या बाकावर बसून राहतो. प्रश्न विचारत नाही, विचारलेल्याला उत्तर देत नाही. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहतात. स्टाफरूममध्ये त्याचं स्पष्टीकरण तयार असतं: ‘बेसच कच्चा आहे, आपण तरी काय करणार?’ एखाद्या मुलाबाबत ते खरंही असेल. पण हा मुलगा खोलीवर गेल्यावर अभ्यास कसा करतो, कोणाबरोबर करतो, पुस्तकाच्या कुठल्या ओळीवर थांबतो, हे पाहिल्याशिवाय ते वाक्य उच्चारणं म्हणजे तपासणीआधीच निदान लिहून देणं आहे.

असं निदान मनातच राहतं, वर्गात त्याचा परिणाम होत नाही, असं कोणी म्हणेल. अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठात याचीच तपासणी झाली. एलिझाबेथ कॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकवणाऱ्या १५० प्राध्यापकांना बुद्धीविषयी त्यांचं मत विचारलं: ती जन्मतः ठरलेली असते, की प्रयत्नानं वाढते? मग त्यांच्या वर्गांतल्या १५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल पाहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की बुद्धी जन्मतः ठरलेली असते असं मानणाऱ्यांच्या वर्गात वंचित वांशिक गटांतली मुलं आणि बाकीची मुलं यांच्या गुणांतली दरी दुसऱ्या मताच्या प्राध्यापकांच्या वर्गांपेक्षा दुपटीपर्यंत रुंद होती. प्राध्यापकाचं वय, लिंग, वंश किंवा शिकवण्याचा अनुभव यांपेक्षा त्याच्या या एका समजुतीवरून दरीचा अंदाज अधिक चांगला बांधता येत होता. मुलांनाही ते जाणवत होतं. अशा वर्गात आपल्याला उत्तम काम करायची उमेद वाटत नाही, असं त्यांनी अभिप्रायात नोंदवलं होतं.

मग या समजुती येतात कुठून?

डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञानं १९७५ साली शाळाशिक्षकांवर लिहिलेल्या पुस्तकात एक साधी गोष्ट मांडली. वकील होण्याआधी माणसानं वकिलांना हजारो तास काम करताना पाहिलेलं नसतं, डॉक्टरांनाही नाही. शिक्षकाला मात्र प्रत्येकानं पाहिलेलं असतं, रोज, वर्षानुवर्षं. त्यामुळे शिकवणं म्हणजे काय, याची प्रतिमा शिक्षक होण्याच्या किती तरी आधीच मनात पक्की बसते. ती प्रतिमाही अर्धवट असते, कारण बाकावरून दिसतं ते फक्त शिक्षकाचं बोलणं आणि फळ्यावरचं लिहिणं. त्यानं घरी काय विचार केला, एखादं उदाहरण का टाळलं, कोणाचा चेहरा पाहून वाक्य बदललं, यातलं काही बाकावरच्या मुलाला दिसत नाही.

कॉलेजच्या शिक्षकाला हे जास्तच लागू पडतं. आपल्याकडे शाळेत शिकवायला डी.एड. किंवा बी.एड. लागतं, तिथे निदान पाठ घ्यावे लागतात आणि मागे बसून कोणीतरी ते पाहतं. कॉलेजात शिकवायला पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. पुरते. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावरचे प्रश्न असतात, पण ते पर्याय निवडून सोडवायचे. वर्गासमोर उभं राहून दाखवायचं नसतं. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं सुरू केली. त्यांची नावं पुढे बदलत गेली. सध्या ती मालवीय मिशनच्या नावानं चालतात. पण ओरिएंटेशन असो वा रिफ्रेशर, ते घडतं नेमणूक झाल्यावर, आणि अनेकांसाठी ती बढतीच्या वाटेवरची एक अट असते. पहिल्या दिवशी वर्गात शिरणाऱ्या तरुण प्राध्यापकाकडे आपल्या आवडत्या सरांची किंवा मॅडमची आठवण हीच एकमेव शिदोरी असते.

त्या आठवणीत एक मोठा धोका आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. प्राध्यापक झालेली व्यक्ती बहुधा वर्गातल्या पहिल्या दोनचार मुलांपैकी असते. ज्या व्याख्यानांनी तिला घडवलं, त्याच व्याख्यानांतून तिच्या मागच्या बाकांवरचे ऐंशीजण काहीही न घेता बाहेर पडले असतील. ते तिला कधी भेटले नाहीत. ‘आम्ही असंच शिकलो’ हे तिचं म्हणणं खरंच असतं. फक्त त्यातलं ‘आम्ही’ फार थोड्यांचं असतं.

ऑस्ट्रेलियात मायकेल प्रॉसर आणि कीथ ट्रिगवेल यांनी विद्यापीठातल्या शिक्षकांच्या समजुतींचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना दोन टोकं दिसली. काहींच्या लेखी शिकवणं म्हणजे आपल्याजवळची माहिती मुलांपर्यंत पोचवणं. काहींच्या लेखी ते म्हणजे एखाद्या गोष्टीकडे पाहण्याची मुलांची दृष्टी बदलवणं. १९९९ साली त्यांनी वॉटरहाउस या सहकाऱ्याबरोबर ४८ वर्गांतल्या जवळजवळ ४ हजार विद्यार्थ्यांची पाहणी मांडली. शिक्षक माहिती पोचवण्यावर भर देणारा असेल, तर त्याच्या वर्गातली मुलं पाठांतराकडे, परीक्षेपुरत्या वरवरच्या अभ्यासाकडे झुकलेली आढळली. मुलं घोकंपट्टी करतात अशी तक्रार आपण सगळेच करतो. त्या घोकंपट्टीचा एक उगम वर्गात आपण उभे असतो त्या जागी आहे, हे या पाहणीतून दिसतं.

आपल्या कॉलेजांत ही पहिली समजूत एका वाक्यात रोज ऐकू येते: ‘पोर्शन संपवायचाय.’ सेमिस्टर सुरू व्हायला उशीर झालेला, मध्ये सुट्ट्या, युवा महोत्सव, एन.एस.एस.चं शिबिर, आणि परीक्षेची तारीख डोक्यावर. घाई खरी आहे. पण पोर्शन संपला म्हणजे शिकवून झालं, आणि शिकवून झालं म्हणजे मुलांना आलं, अशी दोन गृहीतं त्या वाक्यात दडलेली असतात. पहिलं वादग्रस्त आहे. दुसरं चुकीचं आहे, आणि ते कसं, हे एरिक मॅझूर यांच्या अनुभवातून जितकं स्पष्ट होतं तितकं क्वचितच दुसऱ्या कशातून होतं.

मॅझूर मूळचे नेदरलँड्सचे. हार्वर्डमध्ये १९८४पासून ते शिकवू लागले. पुढे डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांना प्राथमिक भौतिकशास्त्र शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मुलांना हा विषय नकोसा असतो, तरी सत्राअखेरच्या अभिप्रायात मॅझूर यांना उत्तम गुण मिळत. मुलं अवघड उदाहरणंही सोडवत. आपण चांगले शिक्षक आहोत असं त्यांना वाटे आणि तसं न वाटायला काही कारणच नव्हतं.

१९९०च्या सुमारास त्यांच्या वाचनात इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांचे लेख आले. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या या दोघांनी बल आणि गती यांविषयीच्या अगदी साध्या, बिनआकडेमोडीच्या प्रश्नांची चाचणी बनवली होती. उदाहरणार्थ, अवजड ट्रक आणि छोटी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम शिकलेल्या कोणालाही उत्तर यायला हवं: दोन्ही बलं सारखीच. लेखांचं म्हणणं असं, की सत्रभर शिकूनही मुलांच्या मनातल्या रोजच्या समजुती फारशा हलत नाहीत. हार्वर्डची मुलं अशी नसणार, असं मॅझूर यांना वाटलं. त्यांनी आपल्या मुलांची चाचणी घेतली. तेव्हा एका विद्यार्थिनीनं त्यांना विचारलं, की या प्रश्नांची उत्तरं मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे देऊ, की मला जसं वाटतं त्याप्रमाणे?

त्या मुलीच्या डोक्यात दोन भौतिकशास्त्रं होती: एक परीक्षेचं आणि एक खरं. चाचणीचा निकाल निराशाजनक लागला. मॅझूर यांनी पुढे परीक्षेत जोडप्रश्न घातले. एकात विद्युत्‌मंडलातला प्रवाह आकडेमोड करून काढायचा. दुसऱ्यात तसल्याच मंडलाची कळ दाबली की कुठला दिवा जास्त उजळेल, कुठला मंदावेल, एवढंच सांगायचं. पहिला अवघड दिसणारा प्रश्न मुलं सोडवत आणि दुसऱ्या सोप्या प्रश्नावर चुकत. सूत्रं कुठे घालायची हे त्यांना कळलं होतं, वीज कशी वाहते हे कळलं नव्हतं. वर्षानुवर्षं मिळालेल्या चांगल्या अभिप्रायांनी आणि चांगल्या गुणांनी हे झाकून ठेवलं होतं.

पुढचा प्रसंग मॅझूर यांनी अनेक भाषणांत सांगितला आहे. परीक्षेनंतरच्या शंकासमाधानाच्या तासाला ते असाच एक प्रश्न समजावत होते. एकदा समजावला. मुलांच्या चेहऱ्यांवर काहीच उमटलं नाही. पुन्हा, आणखी तपशिलात, फळा भरून समजावला. तरी शांतता. आता याहून वेगळं काय सांगावं हे सुचेना, तेव्हा त्यांनी मुलांना शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं. वर्ग एकदम गजबजला. दोनतीन मिनिटांत मुलांनी आपसांत तो प्रश्न सोडवला. मॅझूर यांनी याचं कारण नंतर नीट मांडलं: ज्या मुलाला गोष्ट नुकतीच कळली आहे, त्याला आपण कुठे अडलो होतो हे अजून आठवत असतं. प्राध्यापकाला ती गोष्ट इतकी पूर्वी कळलेली असते, की त्यात अवघड काय हेच त्याला दिसेनासं झालेलं असतं.

यातून ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ ही पद्धत उभी राहिली आणि १९९७ साली त्याच नावाचं पुस्तक आलं. थोडं शिकवायचं, मग एक संकल्पनेचा प्रश्न टाकायचा. प्रत्येकानं आधी स्वतः उत्तर द्यायचं, मग वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. पद्धत बदलल्यावर पहिल्याच वर्षी, १९९१मध्ये, बल-गतीच्या चाचणीवरची मुलांची प्रगती जवळजवळ दुप्पट झाली. हे एका हार्वर्डपुरतं नव्हतं. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ वर्गांतल्या ६ हजारांवर विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं किती सत्राअखेर यायला लागलं, असं त्यांचं मोजमाप होतं. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत हा हिस्सा सरासरी २३ टक्के निघाला. जिथे मुलं वर्गातच विचार करत, बोलत, उत्तरं ताडून पाहत, तिथे ४८ टक्के.

मला यात पद्धतीहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की मॅझूर यांचं मत कोणाच्या भाषणानं बदललं नाही. त्यांच्याच मुलांच्या उत्तरपत्रिकांनी ते बदललं. थॉमस गस्की या अभ्यासकानं १९८६ साली नेमकं हेच म्हटलं होतं. शिक्षकांचा दृष्टिकोन आधी बदला, मग शिकवणं बदलेल, मग निकाल सुधारतील, अशा क्रमानं प्रशिक्षणं आखली जातात. प्रत्यक्षातला क्रम वेगळा असतो: शिक्षक एखादी छोटी गोष्ट करून पाहतो, आपल्या मुलांमध्ये फरक पडलेला त्याला दिसतो, आणि मग त्याची समजूत हलते. आपल्या सभागृहांतली ‘विद्यार्थिकेंद्री अध्यापन’ या विषयावरची व्याख्यानं वर्गापर्यंत का पोचत नाहीत, याचं उत्तर या क्रमात आहे.

याचा एक थेट पुरावा आहे. जीवशास्त्राच्या अभ्यासक डायन एबर्ट-मे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत शिक्षक-प्रशिक्षणाच्या दोन नामांकित कार्यक्रमांतून गेलेल्या प्राध्यापकांचा मागोवा घेतला. विचारल्यावर बहुतेकांनी सांगितलं, की आम्ही आता मुलांना केंद्रस्थानी ठेवून शिकवतो. मग त्यांच्या तासांचं चित्रीकरण पाहिलं गेलं. चारांपैकी तिघे पूर्वीसारखंच व्याख्यान देत होते. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही माणसं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. क्रिस अर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४मध्येच दाखवलं होतं, की माणसाचं बोललं जाणारं तत्त्व एक असतं आणि त्याच्या कृतीतून दिसणारं दुसरं, आणि या दोहोंतलं अंतर त्याचं त्याला दिसत नाही. चित्रफीत पाहावी लागते, किंवा मागे बसलेल्या सहकाऱ्यानं सांगावं लागतं.

‘शिक्षकानं चिंतनशील असावं’ हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलं गेलं आहे की त्यातला जीव गेला आहे. दिवसाअखेरीस शांत बसून ‘आज तास छान झाला’ असं म्हणणं याला चिंतन म्हणता येणार नाही. जॉन ड्यूई यांनी १९१० साली ‘हाऊ वी थिंक’ लिहिलं. त्यानंतर तीनच वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि ड्यूईंचे विद्यार्थी झाले. ड्यूईंच्या मते खरा विचार सुरू होतो तो गोंधळातून, अडचणीतून. अपेक्षेप्रमाणे काही घडलं नाही तिथून. आणि तो पुढे जातो तो पुराव्याच्या आधारानं आपली समजूत तपासत. शॉन यांनी १९८३च्या पुस्तकात त्यात भर घातली, की कसलेला व्यावसायिक काम संपल्यावर विचार करतो तसाच काम चालू असतानाही करतो. फळा भरूनही मुलं गप्प आहेत हे पाहून मॅझूर तिथल्या तिथे थांबले, ते याच जातीचं होतं.

पुरावा म्हणजे विद्यार्थ्यांचे अभिप्राय, असं इथे कोणी म्हणेल. आपल्याकडे सत्राअखेर फीडबॅक फॉर्म भरून घेतले जातात. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी असते. मुलांचं म्हणणं ऐकायला हवं यात शंका नाही. पण एक ते पाच आकड्यांच्या त्या तक्त्यावर विसंबणं धोक्याचं आहे. लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाला सफाईदार व्याख्यान मिळालं, दुसऱ्याला तोच भाग स्वतः झगडत, चर्चा करत सोडवावा लागला. चाचणीत दुसरा गट पुढे होता. पण ‘आपण किती शिकलो असं वाटतं’ या प्रश्नाला व्याख्यान ऐकलेल्यांनी जास्त गुण दिले. २०१९चा हा अभ्यास प्रत्येक प्राचार्यांनी वाचावा. सोपं वाटलं म्हणजे समजलं अशी गल्लत मुलं करतात, आणि झगडायला लावणाऱ्या शिक्षकाला ती कमी गुण देतात. फक्त फॉर्मवरच्या सरासरीला घाबरणारा प्राध्यापक चांगलं शिकवणं सोडून सफाईदार बोलण्याकडे वळेल.

अनुभव वाढला की शिकवणं आपोआप सुधारतं, ही अशीच आणखी एक समजूत. डेलोरिए यांनीच, नोबेल मिळवलेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांच्याबरोबर, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात ती तपासली. सुमारे २७० मुलांच्या दोन तुकड्या. एका तुकडीला आठवडाभर अनुभवी आणि चांगले अभिप्राय मिळवणाऱ्या प्राध्यापकानं व्याख्यानं दिली. दुसरीला कमी अनुभवाच्या पण मुलांना विचार करायला लावण्याचं तंत्र शिकलेल्या तरुण संशोधकांनी शिकवलं. त्या आठवड्याच्या चाचणीत पहिल्या तुकडीची सरासरी ४१ टक्के आली, दुसरीची ७४. प्रयोग एकाच आठवड्याचा होता, म्हणून त्यावर सगळा भार टाकू नये. पण वीस वर्षं शिकवणं आणि एकच वर्ष वीस वेळा शिकवणं यात फरक आहे, हे त्यावरून ध्यानात घ्यायला हरकत नाही.

मग पाहायचं कुठून? स्टीफन ब्रुकफील्ड यांनी १९९५च्या पुस्तकात चार बाजू सांगितल्या: शिकणारा म्हणून आपला स्वतःचा अनुभव, विद्यार्थ्यांची नजर, सहकाऱ्यांची नजर आणि त्या विषयावरचं वाचन. आपल्याकडे यातली तिसरी बाजू सर्वांत दुबळी आहे. आपण स्टाफरूममध्ये डबा वाटून खातो, पेपरतपासणीला एकत्र बसतो, पण एकमेकांच्या वर्गात मागे जाऊन बसत नाही. वर्गात दुसरं कोणी आलं तर ती तपासणीच, असं आपण धरून चालतो. दोन मित्रांनी ठरवून एकमेकांचा एक तास पाहिला, आणि ‘पंचेचाळीस मिनिटांत मुलांनी तोंड किती वेळा उघडलं’ एवढीच नोंद केली, तरी कार्यशाळेच्या प्रमाणपत्राहून जास्त कळेल.

मुलांच्या समजुती तपासून शिकवण्याची उदाहरणं आपल्या मातीतही आहेत. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४पासून मुलांच्या विज्ञानाविषयीच्या समजुतींवर काम करत आलं आहे. आयआयटी मुंबईत संगणकाच्या प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या भल्यामोठ्या वर्गात आधी स्वतः विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सर्वांसमोर मांडणी, अशी पद्धत वापरली गेली. २०१३ साली तिथल्या अभ्यासकांनी तो अनुभव प्रसिद्ध केला तेव्हा चर्चेच्या वेळी बहुतांश मुलं खरोखर कामात गुंतलेली असल्याची मोजून केलेली नोंद होती. शेकड्यांनी मुलं असली की व्याख्यानाशिवाय पर्याय नाही, हे आपलं लाडकं कारण तिथे टिकलं नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. चिंतनाला वेळ लागतो, आणि महाराष्ट्रातल्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या हजारो शिक्षकांना तो वेळ कोणी देत नाही. मोबदला वर्गातल्या तासाचा मिळतो. तयारीचा, वह्या वाचण्याचा, मुलाशी बोलण्याचा मिळत नाही. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या गावात तास घेणाऱ्या, पुढच्या जूनमध्ये नोकरी असेल की नाही हे माहीत नसलेल्या माणसाकडून आत्मपरीक्षणाची अपेक्षा करणं अन्याय आहे. रिक्त पदं भरणं हा अध्यापनाच्या दर्जाचा प्रश्न आहे. ती न भरता गुणवत्तेची परिपत्रकं काढण्यानं काहीही साधणार नाही.

तरीही जो शिक्षक हे वाचत असेल, त्यानं येत्या आठवड्यात एक गोष्ट करून पाहावी. आठवड्याच्या शेवटच्या तासाची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि मुलांना अर्ध्या कागदावर, नाव न घालता, ब्रुकफील्ड विचारतात ते पाच प्रश्न विचारा. या आठवड्यात तुम्ही वर्गात सर्वांत जास्त रमलात तो क्षण कोणता? सर्वांत तुटल्यासारखं वाटलं तो कोणता? कोणाच्या कुठल्या कृतीची मदत झाली? कशानं गोंधळायला झालं? आणि आश्चर्य कशाचं वाटलं? उत्तरं मराठीत लिहिली तरी चालतील, हे आवर्जून सांगा. मागच्या बाकावरून येणारे कागद त्यामुळेच येतील. घरी ते सगळे वाचा. दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्या तासाला त्यातून काय कळलं आणि तुम्ही काय बदलणार आहात, हे मुलांना सांगा. जे बदलणार नाही, त्याचं कारणही सांगा. दर आठवड्याला हेच करत राहा आणि कागद फेकू नका. सेमिस्टर संपलं की सगळे आठवडे एका बैठकीत वाचा, आणि शक्य असेल तर शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्यालाही वाचायला द्या.